एका डॉलरवर पाच डॉलर: पहिल्या घरासाठी मॅच बचतीत उतरावे का?

प्रश्न: मोठ्या भाऊजींनी आमच्यासाठी केलेल्या अर्जावर पंधरा वर्षे थांबून २०१९ साली आम्ही चौघे ग्रीन कार्डावर ऑरेगनमध्ये हिल्सबरोला आलो. यजमान गोदामात रात्रपाळी करतात, मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. दोघांचे मिळून वर्षाला ६८ हजार डॉलर होतात आणि दोन खोल्यांच्या घराचे भाडे १,८५० आहे. काही बँकेत आणि काही भिशीत असे मिळून नऊ हजार डॉलर साठले आहेत. माझ्या सोबतच्या एका बाईंनी ‘आयडीए’ नावाच्या योजनेबद्दल सांगितले. आपण एक डॉलर टाकला की ते पाच टाकतात आणि त्यातून घराचे डाउन पेमेंट भरता येते, मात्र त्यासाठी दोन वर्षे बचत करत घरखरेदीचे वर्ग करावे लागतात, असे त्या म्हणतात. यजमानांना ही फसवणूक वाटते, आणि खरी असली तरी दान घ्यायचे नाही, असे ते म्हणतात. भाऊजी मात्र वीस हजार उसने द्यायला तयार आहेत. बँकेला ‘भेट’ म्हणून लिहून देतो, जमेल तसे फेडा, असे त्यांचे म्हणणे आहे. दोन वर्षे वर्ग करत बसावे की भाऊजींचे पैसे घेऊन आताच घर घ्यावे? डोंबिवलीचा एक फ्लॅट यजमान आणि सासूबाईंच्या नावावर आहे. त्याची काही अडचण येईल का?
— एक वाचक भगिनी, हिल्सबरो

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रासोबत आलेले वहीचे पान मी दोनदा वाचले. भाडे, किराणा, गाडीचा विमा, सासूबाईंना दर महिन्याला १५० आणि शेवटी पेन्सिलीने लिहून अधोरेखित केलेले ‘शिल्लक १४०’. सहा वर्षे परक्या देशात राहून जी गृहिणी महिनाअखेरची शिल्लक अशी डॉलरपर्यंत सांगू शकते, तिच्यासाठीच ही योजना आखलेली आहे, हे मी आधीच सांगून टाकते.

पहिली शंका यजमानांची, आणि ती रास्त आहे, कारण एकाचे सहा करून देतो म्हणणाऱ्यांनी आपल्याकडे कितीतरी घरे धुऊन नेली आहेत. ही योजना मात्र तशी नाही. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राध्यापक मायकेल शेराडन यांनी १९९१ साली असा विचार मांडला की, गरीब कुटुंबाला केवळ महिन्याच्या खर्चापुरती मदत देऊन त्याची परिस्थिती पालटत नाही, तर त्याच्या नावावर काहीतरी मालमत्ता उभी राहावी लागते. मध्यमवर्गाला गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत मिळते आणि निवृत्तिनिधीत मालकाकडून भर पडते. म्हणजे त्याच्या बचतीला सरकार आणि मालक आधीपासूनच हातभार लावत आलेले आहेत. तोच हातभार कमी उत्पन्नाच्या माणसाला मिळावा म्हणून ‘इंडिव्हिज्युअल डेव्हलपमेंट अकाउंट’, म्हणजे तुमच्या मैत्रिणीने सांगितलेले आयडीए, ही कल्पना निघाली. १९९८ मध्ये केंद्राने त्यासाठी कायदा केला आणि १९९९ मध्ये ऑरेगनच्या विधिमंडळाने आपली स्वतःची योजना सुरू केली. केंद्राच्या योजनेला २०१७ पासून नवा निधी मिळणे थांबले आणि त्यामुळे कित्येक राज्यांतले कार्यक्रम आटोपले. ऑरेगनचा कार्यक्रम टिकला, कारण त्याचा पैसा वेगळ्या वाटेने येतो. राज्यातील व्यक्ती आणि व्यवसाय या निधीला देणगी देतात आणि त्याबद्दल त्यांना राज्याच्या आयकरात सूट मिळते.

म्हणून यजमानांना एक गोष्ट अवश्य सांगा. भाऊजींच्या नोकरीत निवृत्तिनिधीवर कंपनी जो मॅच, म्हणजे त्यांच्या बचतीच्या जोडीला घातलेली रक्कम, देत असेल, त्याला आपल्या घरात कोणी दान म्हटलेले नाही. तुम्ही स्वतःचा डॉलर टाकल्याशिवाय इथेही कोणी काही देत नाही. आणि जो पैसा मिळतो तो तुमच्या हातात कधीच येत नाही. घराच्या व्यवहाराच्या दिवशी तो थेट व्यवहार पुरा करणाऱ्या कंपनीकडे जातो. फसवणूक ओळखण्याची खूणही हीच आहे. खऱ्या कार्यक्रमात तुमची बचत बँकेत किंवा क्रेडिट युनियनमध्ये तुमच्या नावाच्या खात्यात राहते, आणि कार्यक्रम सोडून गेलात तर मॅच बुडतो, पण तुमचे स्वतःचे पैसे तुम्हाला परत मिळतात. नाव नोंदवण्यासाठी जो कोणी आगाऊ रक्कम मागेल, त्याच्या दारातून माघारी फिरा.

आता हिशेब. कमी उत्पन्न म्हणजे किती, हे तुमच्या भागातील मधल्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांवरून ठरते. पोर्टलँड परिसरात चौघांच्या कुटुंबासाठी ही मर्यादा २०२४ मध्ये ९० हजार डॉलरच्या वर होती, त्यामुळे ६८ हजारांत तुम्ही आरामात बसता. उत्पन्नाबरोबर एकूण मालमत्तेचीही एक मर्यादा असते. ती विचारून घ्या आणि डोंबिवलीच्या फ्लॅटमधला यजमानांचा हिस्सा कार्यक्रमाच्या लोकांना पहिल्याच भेटीत सांगा. ‘पहिले घर’ या शब्दाचा सरकारी अर्थ असा की, गेल्या तीन वर्षांत तुम्ही स्वतः राहत असलेले घर तुमच्या मालकीचे नसावे. डोंबिवली सोडून तुम्हाला सहा वर्षे झाली, तेव्हा केवळ त्या फ्लॅटमुळे तुमचे ‘पहिले घर’ हिरावले जाईल, असे मला वाटत नाही. पण कर्जाच्या अर्जात परदेशातील मालमत्ताही लिहावी लागते. ती लपवली आणि पुढे उघडकीस आली, तर फ्लॅटपेक्षा लपवण्याचीच शिक्षा मोठी होईल.

ऑरेगनच्या नियमांत एका डॉलरला एक ते पाच डॉलरपर्यंत मॅच देता येतो. नेमका किती आणि कमाल किती, हे तुम्ही ज्या संस्थेतून नाव नोंदवाल तिच्याकडून लिहून घ्या. तुमच्या १४० मधून १०० बाजूला काढले, तर चोवीस महिन्यांत २,४०० होतील. पाचपट मॅच मिळाला तर त्यावर १२ हजार, म्हणजे एकूण १४,४००. तीनपटच मिळाला तर एकूण ९,६००. हा मॅच भेट मानला जातो, त्यामुळे त्यावर केंद्राचा आयकर लागत नाही. आणि तुमचे आधीचे नऊ हजार याहून वेगळे.

इथे एक चूक बरेच जण करतात. साठलेले पैसे एकदम खात्यात भरले की त्या सगळ्यावर मॅच मिळेल, असे त्यांना वाटते. तसे होत नाही. नाव नोंदवल्यानंतर ठरलेल्या मर्यादेत, नियमाने केलेली बचतच मोजली जाते. म्हणून ते नऊ हजार जिथे आहेत तिथेच राहू द्या, व्यवहाराच्या इतर खर्चासाठी आणि घरात गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात हीटर बंद पडला तर त्यासाठी ते लागणारच आहेत. फक्त भिशीतले पैसे वेळेत बँकेत आणा. तुमचा नंबर लागून २,४०० डॉलर रोख हातात आले आणि कर्जाच्या अर्जाआधी दोन आठवडे ते खात्यात भरले, तर बँक विचारणार की हे कुठून आले. ‘बारा जणींच्या भिशीतून’ हे उत्तर तुमच्या-माझ्यासाठी स्वच्छ आहे, पण कर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचा कागद लागतो. तो सहसा शेवटच्या दोन महिन्यांची खातेपत्रके बघतो. पैसे त्याच्या बरेच आधी खात्यात आलेले असतील, तर पुष्कळसे प्रश्न उद्भवतच नाहीत. भिशी बंद करा असे मी मुळीच म्हणणार नाही. त्या बारा जणींनी तुम्हाला इथे धरून ठेवले असेल, हे मी समजू शकते. पण यापुढे भिशीची रक्कम रोख न घेता चेकने घ्या आणि कोणी किती दिले याची वही सांभाळून ठेवा.

आता भाऊजींचे वीस हजार. त्यांच्या मनात तुमच्याबद्दल माया आहे, यात मला शंका नाही. ज्या माणसाने भावासाठी अर्ज करून पंधरा वर्षे वाट पाहिली, त्याच्या हेतूवर बोट ठेवणे मला शोभणार नाही. पण ते जो मार्ग सुचवत आहेत तो चुकीचा आहे आणि मी तो स्पष्टपणे चुकीचा म्हणते. नातेवाइकाने डाउन पेमेंटसाठी भेट दिली, तर बँक ‘गिफ्ट लेटर’ मागते. त्यात देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने सही करून लिहून द्यायचे असते की ही रक्कम परत करायची नाही. आतून परतफेड ठरलेली असताना अशी सही करणे म्हणजे कर्जाच्या अर्जात खोटे लिहिणे, आणि तो केंद्रीय गुन्हा आहे. तुम्ही पुढे नागरिकत्वाचा अर्ज करणार आहात आणि त्यात चारित्र्य तपासले जाते. वीस हजारांसाठी तुम्ही आणि तुमच्यासोबत भाऊजींनी ही जोखीम घ्यावी, इतके कोणतेही घर मोलाचे नाही. उसने हे उसने म्हणूनच सांगितले, तर त्याचा हप्ता तुमच्या कर्जात मोजला जाईल आणि बँक तुम्हाला तेवढे कमी कर्ज देईल. खरोखरची, परत न मागण्याची भेट म्हणून ते पाच हजार देऊ शकत असतील, तर मात्र ते आनंदाने घ्या.

शिवाय समजा भाऊजींच्या पैशांनी तुम्ही उद्याच साडेतीन लाखांचे टाउनहाउस घेतले. पाच टक्के डाउन पेमेंट भरून उरलेल्या ३,३२,५०० डॉलरवर साडेसहा टक्के व्याजाने तीस वर्षांचा हप्ता २,१०० डॉलर येतो. त्यावर मालमत्ता कर, विमा, कमी डाउन पेमेंटमुळे लागणारा गृहकर्ज विमा आणि सोसायटीची वर्गणी धरली, तर महिन्याचा आकडा तीन हजारांच्या आसपास जातो. तुमचे महिन्याचे एकूण उत्पन्न, कर कापण्यापूर्वी, ५,६६७ आहे. त्यातले निम्म्याहून अधिक घरावर घालवून सासूबाईंचे १५० तुम्ही कुठून पाठवणार आणि भाऊजींचे हप्ते कधी फेडणार? आणि ते थकले की मग दिवाळीच्या फराळाला त्यांच्या घरी जाताना पाय जड होतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

मॅच बचतीची मर्यादाही नेमकी इथेच आहे, आणि ती तुमच्यापासून लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. मॅचचे १२ हजार मूळ कर्जातून वजा झाले, तरी महिन्याचा हप्ता जेमतेम ७६ डॉलरने उतरतो. ही योजना घराच्या दारापर्यंत पोहोचवते. दर महिन्याचा हप्ता भरण्याचे बळ मात्र तुमच्या पगारातूनच यावे लागते. ओक्लाहोमातील तुल्सा शहरात १९९८-९९ मध्ये याची मोठी चाचणी झाली. अर्ज केलेल्या १,१०३ जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून एका गटाला घरासाठी एकास दोन मॅच दिला आणि दुसऱ्याला दिला नाही. योजना संपेपर्यंत मॅच मिळालेल्या गटातील भाडेकरूंनी अधिक संख्येने घरे घेतली होती. पण दहा वर्षांनी पाहिले, तेव्हा दुसऱ्या गटानेही त्यांना गाठले होते. म्हणजे मॅचमुळे घर लवकर आले, पण ज्यांना ते एरवी कधीच आले नसते अशांची संख्या काही मोठी निघाली नाही. (त्याच काळातल्या देशभरातील चाचणीत सहभागी कुटुंबांची निव्वळ बचत सरासरी महिन्याला वीस डॉलरहूनही कमी होती. तुमचे १०० त्या मानाने पुष्कळ आहेत.)

तरीही मी तुम्हाला यात उतरा म्हणते, याचे कारण दुसऱ्या एका पाहणीत आहे. १९९९ ते २००७ दरम्यान आयडीएमधून घर घेतलेल्या आठशेहून अधिक कुटुंबांची तुलना त्याच भागांतील कमी उत्पन्नाच्या इतर खरेदीदारांशी केली गेली. इतरांपैकी सुमारे २० टक्के लोक चढ्या व्याजाच्या कर्जात अडकले होते. आयडीएवाल्यांत हे प्रमाण दीड टक्का होते. २००८ च्या पडझडीत जप्तीची पाळीही त्यांच्यावर इतरांच्या निम्म्याहून कमी वेळा आली. जी माणसे दोन वर्षे नियमाने बचत करतात ती मुळातच जपून वागणारी असतात, हेही त्यामागे असणार. पण त्यांना सक्तीने जे वर्ग करावे लागतात त्यांचे श्रेय मला नाकारता येत नाही.

तुम्ही ‘वर्ग करत बसावे का’ असे लिहिले आहे. अशाच एका वर्गात मी काही वर्षे शनिवारी मराठी आणि हिंदी भाषिकांसाठी दुभाषाचे काम केले. तिथे प्रत्येकाच्या हातात कर्जाच्या अंदाजपत्रकाचा, म्हणजे ‘लोन एस्टिमेट’चा, तीन पानी नमुना आणि एक पिवळा मार्कर देत. पहिल्या पानावर व्याजदरापुढे ‘हा दर कर्ज घेतल्यानंतर वाढू शकतो का’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ की ‘नाही’ आहे, ते शोधून रंगवायचे. एका ट्रकचालक गृहस्थांनी ते शोधले, मान वर केली आणि म्हणाले, “माझ्या भावाने हे पान न वाचता सही केली होती.” त्यानंतर त्या वर्गात कोणी उशिरा आले नाही. याच गृहस्थांची आणि त्यांच्या पत्नीची गाडी बचतीच्या अकराव्या महिन्यात बंद पडली. त्यांनी समुपदेशकाला आधी विचारून आपल्या खात्यातले पैसे काढले, तेवढ्यावरचा मॅच गमावला, तीन महिन्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि अखेरीस घर घेतले. अडचण आली तर न सांगता पैसे काढू नका, आधी फोन करा, एवढेच त्यातून घ्यायचे.

मग हप्त्याचे काय? तुमच्या उत्पन्नात बसणारे घर शोधताना खुल्या बाजारापलीकडे बघावे लागेल. पोर्टलँड परिसरात ‘प्राउड ग्राउंड’ ही कम्युनिटी लँड ट्रस्ट आहे. तिच्या व्यवस्थेत घर तुमचे आणि जमीन ट्रस्टची असते, त्यामुळे किंमत बाजारभावाहून बरीच खाली येते. सव्वादोन लाखांच्या कर्जाचा हप्ता त्याच साडेसहा टक्क्यांनी १,४२२ येतो, आणि कर, विमा, जमिनीचे शुल्क धरले तरी आकडा तुमच्या आजच्या भाड्याच्या आसपास राहू शकतो. त्याच्या बदल्यात पुढे घर विकताना वाढलेल्या किमतीचा ठरलेला हिस्साच तुम्हाला मिळतो आणि घर पुन्हा तुमच्यासारख्याच कुटुंबाला द्यावे लागते. घराकडे गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्या नातेवाइकांना हे पटणार नाही. पण तुम्हाला हवे आहे ते मुलांना दर वर्षी भाडेवाढीच्या पत्राची धास्ती नसलेले घर, आणि त्यासाठी मला हा सौदा न्याय्य वाटतो. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’कडेही विचारा. तिथे काही तास स्वतः बांधकामावर श्रम द्यावे लागतात. गोदामात रात्र काढणाऱ्या माणसाला ते जड जाईल, म्हणून हा पर्याय मी दुसरा ठेवला आहे.

तुमच्या पत्रात नसलेली, पण तुम्हा दोघांच्या मनात असणार अशी एक भीती राहिली. भाऊजींनी तुमच्यासाठी पोषणहमीपत्र, म्हणजे गरज पडल्यास तुमचा भार उचलण्याची हमी, लिहून दिले आहे. तुम्ही ही मदत घेतली तर त्याची वसुली त्यांच्याकडून होईल का? केंद्राच्या ज्या मदतीसाठी हमीदाराकडे वसुली मागता येते, त्या यादीत अन्नसाहाय्य, मेडिकेड, रोख कल्याणनिधी अशा योजना आहेत. घरासाठीच्या मॅच बचतीचे नाव त्यात नाही. नागरिकत्वाच्या अर्जातही ‘सरकारवर भार’ ही कसोटी लागत नाही. तरीही इमिग्रेशनच्या वकिलाला अर्धा तास एकदा विचारून घ्या, म्हणजे यजमानांची रात्रपाळीतली काळजी एकाने कमी होईल.

आयडीए कार्यक्रमात जागा मर्यादित असतात. त्या वर्षी देणग्या किती आल्या यावर त्यांची संख्या ठरते आणि प्रतीक्षायादीही असू शकते, म्हणून या आठवड्यातच फोन करा. सोबत दोघांच्या गेल्या दोन महिन्यांच्या पगारपावत्या, गेल्या वर्षीचे कर विवरणपत्र, चौघांची ग्रीन कार्डे आणि फ्लॅटच्या कागदाची प्रत तयार ठेवा. मॅच किती, कमाल रक्कम किती, किमान किती महिने बचत करायची आणि घर घेतल्यावर किती वर्षे ते विकता येणार नाही, हे चार प्रश्न विचारून उत्तरे त्याच वहीत लिहा.

आणि भाऊजींना नकार देताना त्यांच्याकडे दुसरे काहीतरी मागा, म्हणजे त्यांना वाईट वाटणार नाही. वर्ग बहुधा शनिवारी सकाळी असतील, यजमान तेव्हा नुकतेच पाळीवरून आलेले असतील आणि तुम्हा दोघांनाही तिथे बसायचे आहे. त्या वेळात मुलांना आपल्या घरी ठेवून घ्या आणि जेवू घाला, एवढे त्यांना सांगा.